मॉन्युमेंट व्हॅली: माथा नंतर बघा, आधी पायथा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यात आई-बाबा अमेरिकेत येताहेत आणि फिनिक्सहून गाडीने ॲरिझोना-युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीला जायचा बेत आहे. तिथले लाल सुळके वाऱ्याने कोरले असं जिथे तिथे वाचायला मिळतं, ते खरं का? आपल्या सह्याद्रीतल्या सुळक्यांशी त्यांचं काही नातं लागतं का? आणि नुसते फोटो काढून परतायचं नसेल, तर तिथे नेमकं बघायचं काय?

मी भूशास्त्र शिकवतो. कोलोरॅडो पठारावर विद्यार्थ्यांना घेऊन हिंडणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

वाऱ्यापासून सुरुवात करू. उडती वाळू खडक घासते हे खरं आहे. पण वाळूचे कण उड्या मारत जमिनीलगत सरकतात, फार तर माणसाच्या उंचीपर्यंत उसळतात. त्याच्या वर जाते ती धूळ, आणि धुळीने कडा कापला जात नाही. इथले कडे आजूबाजूच्या जमिनीपासून तीनशे मीटरपर्यंत उठलेले आहेत. हे सगळं वाऱ्याने कोरलं असतं, तर झिजेच्या खुणा तळाच्या दोन मीटरांत दाटल्या असत्या आणि वरचा सगळा भाग कोरा राहिला असता. प्रत्यक्षात तळाशी दिसतो तो लालसर-तपकिरी, भुसभुशीत उतार, आणि त्यावर कडेलोट झाल्यासारखे पडलेले घराएवढाले दगड. हे सुळके कोरलेले नाहीत. आजूबाजूचं कोसळून गेलं आणि जे राहिलं, ते म्हणजे हे सुळके. कोसळवणारं आहे पाणी, थंडीतला बर्फ आणि गुरुत्वाकर्षण. वारा मागून येऊन चुरा झाडून नेतो, एवढाच त्याचा वाटा.

वाळवंटात पाणी कुठलं, असं वाटेल. वर्षाला साधारण दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो कसा पडतो ते महत्त्वाचं. जुलै ते सप्टेंबरात इथेही एक मान्सून असतो. दुपारी ढग दाटतात आणि तासाभरात वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा एका ठिकाणी ओतून जातात. झाडोरा नाही, माती धरून ठेवायला मुळं नाहीत, त्यामुळे कोरडा ओढा बघता बघता गढूळ लाल पाण्याने भरून वाहतो. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी वर, असं रोज चालतं. फटीत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं, फट थोडी रुंदावते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता थर. कोणताही एक सुळका निवडा आणि नजर खालून वर न्या. तळाचा उतार ऑर्गन रॉक नावाच्या थराचा: चिखल आणि बारीक गाळ घट्ट होऊन बनलेला शेल, बोटाने कुरतडला तरी सुटणारा. त्यावर एकदम सरळसोट उभा कडा उठतो. तो द शे वालुकाश्म, वय साधारण २८ कोटी वर्षं. कड्याच्या माथ्यावर चॉकलेटी रंगाचा पातळ पट्टा दिसतो. तो मोएनकोपी, सुमारे २४ कोटी वर्षांचा. आणि त्याच्याही वर, जिथे शिल्लक असेल तिथे, शिनारम्प नावाची फिकट, खडबडीत, टणक टोपी. तिचं वय २२ कोटींच्या आसपास.

ही आकडेवारी पाठ करायला सांगत नाही. एकच गंमत लक्षात ठेवा. लाल कडा संपून चॉकलेटी पट्टा सुरू होतो ती रेघ दुर्बिणीतून बघा. त्या एका रेघेत तीनेक कोटी वर्षं गायब आहेत, आणि पृथ्वीवरचा सगळ्यांत मोठा जीवसंहार (२५ कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन काळाच्या शेवटचा) नेमका त्या गायब काळात झाला. बाबांना इतिहासाची आवड असेल तर ही रेघ त्यांना आधी दाखवा.

फिनिक्सहून जाताना फ्लॅगस्टाफ, मग ट्यूबा सिटी, मग कायेंटा असा रस्ता लागेल. ट्यूबा सिटीला लागून मोएनकोपी नावाचं होपी लोकांचं गाव आहे. त्या भागाच्या नावावरूनच चॉकलेटी थराला नाव पडलं. द शे हे नाव पूर्वेकडच्या कॅन्यन द शे या दरीचं. म्हणजे थरांची नावं तुमच्या नकाशावरच सापडतील.

हे सगळं उभं कसं राहिलं? सहा-सात कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेत जमीन दाबली जात होती, रॉकी पर्वत उभे राहत होते. त्या रेट्यात इथला भाग मोडला नाही, हलकेच वर फुगला. थर जवळजवळ आडवेच राहिले, पण ताणामुळे त्यांच्यात उभ्या फटी पडल्या, आणि त्या फटी मनाला येईल तशा नाहीत, ठरावीक दिशांनी, समांतर ओळींत आहेत. ताटात थापलेल्या वडीवर सुरीने आधीच रेघा मारून ठेवाव्यात तसं हे झालं. पुढे वडी सुटते ती त्या रेघांवरूनच. खालचा मऊ शेल पावसाने झिजून आत सरकतो, वरचा वालुकाश्म अधांतरी लोंबतो, आणि एक दिवस जवळच्या उभ्या फटीवरून अख्खा पापुद्रा सुटून खाली येतो. म्हणून कडा कधी गोलसर होत नाही, कितीही मागे हटला तरी सरळसोटच राहतो. पायथा ढासळतो म्हणून माथा देखणा आहे.

यामुळे खोऱ्यात एकाच गोष्टीच्या सगळ्या अवस्था एका दिवसात बघायला मिळतात. सेंटिनल मेसा, मिचेल मेसा ही अजून रुंद पठारं आहेत. ती चहूबाजूंनी आखडत आली की मेरिक ब्यूटसारखा एकांडा बुरूज उरतो. बुरूजही झिजला की टोपी जाते आणि टोटेम पोल किंवा थ्री सिस्टर्ससारखे बारीक सुळके राहतात, आणि टोपी नसलेल्या सुळक्याचे दिवस भरत आलेले असतात, अर्थात भूशास्त्राच्या हिशेबाने. जगभर छायाचित्रांत दिसणाऱ्या ईस्ट आणि वेस्ट मिटनचा तो ‘अंगठा’ म्हणजे मुख्य बुरुजापासून एका उभ्या फटीवर वेगळा झालेला तुकडा. हातमोज्याच्या आकाराचं कौतुक करून झालं की अंगठा आणि तळवा यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघा. तिथला खडक पडून गेला आहे, आणि त्याचा उरलासुरला ढीग खाली उतारावर दिसतो.

मग बाकीचा सगळा खडक गेला कुठे? चुरा ओढ्यांतून सान हुआन नदीत, तिथून कोलोरॅडोत. कोलोरॅडो नदी कॅलिफोर्नियाच्या आखाताला जाऊन मिळाली त्याला पाच-सहा कोटी नव्हे, पन्नास-साठ लाख वर्षं झाली. त्यानंतर नद्यांनी जोरात खोल कापायला सुरुवात केली आणि इथली साफसफाई वेगाने झाली. १९६३मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाल्यापासून हा गाळ समुद्रापर्यंत न जाता लेक पॉवेलमध्ये साठतो आहे.

लांबून बघण्याचं हे झालं. पण एक गोष्ट हातभर अंतरावरून बघायलाच हवी. रस्त्याकडेला द शे वालुकाश्माचा पडलेला दगड सापडेल, त्याच्याशी वाका. त्यात तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांचे गठ्ठे दिसतील. एक गठ्ठा उजवीकडे कललेला, त्याला कापत वर दुसरा. या रेघा म्हणजे वाळूच्या टेकडीचा उतरता, वाऱ्याआडचा उतार. टेकडी पुढे सरकत गेली तशी उतारावर एकेक पापुद्रा चढत गेला, आणि वाऱ्याची दिशा त्या रेघांच्या कलात कायमची नोंदली गेली. पर्मियन काळात हा भाग विषुववृत्ताजवळ, पॅन्जिया या एकसंध खंडाच्या पश्चिम अंगाला होता, आणि इथे वाळूचा समुद्र पसरला होता. तेव्हा वाऱ्याला श्रेय द्यायचंच असेल तर ते इथे द्या: त्याने सुळके कोरले नाहीत, सुळक्यांचा माल मात्र त्यानेच आणून रचला. भिंग असेल तर कण बघा, गोलसर आणि दुधी काचेसारखे मंद दिसतात. टोटेम पोलच्या पायथ्याशी लाल वाळूच्या आजच्या टेकड्या आहेत. ती वाळू मुख्यतः याच खडकाची. २८ कोटी वर्षांपूर्वी टेकडी होती, मग दगड झाली, आता पुन्हा टेकडी होऊन सरकते आहे.

रंगाबद्दल दोन ओळी. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, प्रत्येक कणावर बसलेल्या पातळ गंजाचा. कड्यावरून ओघळल्यासारखे दिसणारे काळपट पट्टे म्हणजे वाळवंटी वार्निश: मँगेनीज, लोह आणि मातीचे बारीक कण यांचं हजारो वर्षांत साचलेलं पातळ पुट. काळ्या पट्ट्यांच्या मध्येच एखादा स्वच्छ केशरी चट्टा दिसला, तर तिथून पापुद्रा अलीकडे पडला आहे असं समजा आणि त्याचे तुकडे खाली शोधा. बहुतेकदा सापडतात.

आता सह्याद्री. नातं आहे, पण ते घडणीचं आहे, खडकाचं नाही. मनमाडजवळचा हडबीची शेंडी हा सुळका रेल्वेतून बघितला असेल, त्याला हल्ली थम्स अप म्हणतात. तो आणि शेजारचे अंकाई-टंकाईचे सपाट माथे बघून मॉन्युमेंट व्हॅली आठवणं अगदी योग्य आहे. आडवे थर, टणक-मऊ-टणक अशी रचना, उभ्या फटी, खालचा मऊ भाग झिजणं आणि वरचा कडा सुटणं, हे दोन्हीकडे तेच. पण आपला खडक बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्याकडचे मऊ थर म्हणजे सच्छिद्र बेसाल्ट किंवा दोन लाव्हांच्या मधला तो लाल मातकट पट्टा. लाव्हा एकावर एक पुन्हा पुन्हा आल्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. तिथे एकच जाड कडा आणि एकच पायथा, म्हणून आकृती इतकी सुटसुटीत. शिवाय आपल्याकडे पावसाने दगड सडतो, माती होते, गवत उगवतं आणि कडे झाकले जातात. तिथे खडक कपडेच घालत नाही. वयाने जवळचा खडक हवा असेल तर तो सह्याद्रीत नाही, विदर्भात आहे. नागपूरजवळच्या कामठीचं नाव मिळालेला तांबूस वालुकाश्म साधारण त्याच कालखंडाच्या आसपासचा, मात्र तो नद्यांनी आणलेल्या वाळूचा.

लाव्हाचं नातं बघायचंच असेल तर कायेंटाहून खोऱ्याकडे जाताना उजव्या हाताला अगाथला नावाचं काळं, दातेरी शिखर उभं आहे. डावीकडे आउल रॉक हा थरांचा सुळका. गाडी जिथे सुरक्षित थांबवता येईल तिथे थांबवून दोन्हीकडे आळीपाळीने बघा. आउल रॉकमध्ये आडव्या रेघा मोजता येतात, अगाथलात एकही नाही. अगाथला हा अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला माल. वायूंच्या स्फोटांनी फुटलेले तुकडे आणि शिलारस एकत्र घट्ट झालेले. भोवतालचे मऊ थर गेले आणि नळीचं बूच उरलं. बहुतेक टूरवाले इथे थांबत नाहीत, मला तर हा थांबा खोऱ्यातल्या निम्म्या ‘पॉइंटां’पेक्षा मोलाचा वाटतो.

तुम्ही विचारलं नाही, तरी शिनारम्पच्या टोपीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ही टोपी म्हणजे जुन्या नद्यांच्या पात्रातली वाळू आणि गोटे. त्या पात्रांत झाडांचे ओंडके, पालापाचोळा गाडला गेला होता. भूजलात विरघळलेलं युरेनियम या कुजक्या लाकडाशी आलं की तिथे साचून बसायचं, व्हॅनेडियम या धातूबरोबर पिवळ्या खनिजाच्या रूपात. म्हणजे ज्या थराने सुळके राखले, त्याच थरात युरेनियम होतं. खोऱ्याच्या पूर्वेला मॉन्युमेंट नंबर २ ही खाण १९४०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत चालली. हे खोरं नवाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या भूमीत येतं, आणि त्या भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात जवळपास ३ कोटी टन युरेनियमयुक्त खडक काढला गेला. खाणीत उतरणारे मोठ्या संख्येने नवाहो पुरुष होते. हवा खेळती ठेवण्याची धड सोय नव्हती आणि युरेनियमच्या खडकातून निघणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूचा धोका त्यांना सांगितला गेला नव्हता. फुप्फुसाच्या कर्करोगाने किती घरं मोडली याची चर्चा तिथे आजही होते. भरपाईचा केंद्रीय कायदा यायला १९९० उजाडलं, आणि २००५मध्ये नवाहो राष्ट्राने आपल्या भूमीत युरेनियम खाणकामावर बंदी घातली. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी अजून नोंदीत आहेत. सुळके बघून उत्तरेला मेक्सिकन हॅट या गावाकडे गेलात, तर सान हुआन नदीच्या अलीकडे दगडांनी झाकलेला एक सपाट, अनैसर्गिक उंचवटा दिसेल. तो खडक दळून युरेनियम काढल्यानंतरच्या चोथ्याचा. पर्यटकाने घाबरावं असं यात काही नाही, पण जुन्या बोगद्यांत डोकवायचं नाही आणि कुठल्याही झऱ्याचं पाणी प्यायचं नाही, हे पाळा.

ही जागा अमेरिकेचं नॅशनल पार्क नाही. १९५८मध्ये नवाहो राष्ट्राने स्वतः स्थापन केलेलं हे ट्रायबल पार्क आहे, त्यामुळे तुमच्याकडचा नॅशनल पार्कांचा वार्षिक पास चालणार नाही, प्रवेश फी माणशी वेगळी. आत आजही नवाहो कुटुंबं राहतात. त्यांच्या घरांचे, मेंढ्यांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ड्रोन उडवायला बंदी, सुळक्यांवर चढायला बंदी, आणि संपूर्ण नवाहो भूमीत दारूबंदी आहे, गाडीत बाटलीही नको. १८६४मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना शेकडो मैल पायी हाकलत न्यू मेक्सिकोतल्या छावणीत नेलं. १८६८च्या तहानंतर ते परत आले. त्या धरपकडीतून निसटलेल्या काही जणांनी या खोऱ्यांच्या आसऱ्याने दिवस काढले. त्यांच्या दृष्टीने हे देखावे नाहीत, घर आहे. १९३०च्या दशकात हॉलिवूडने इथे वेस्टर्न चित्रपट काढायला सुरुवात केली आणि जगाला ही जागा ‘अमेरिकन पश्चिम’ म्हणून माहीत झाली, त्यावर बाकी सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे.

घड्याळाची एक अडचण हमखास होते. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो राष्ट्र मात्र करतं, युटाही करतं. फिनिक्सहून निघालात की नवाहो हद्दीत तुमचा एक तास गेला. मोबाइल कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. जीपची बुकिंग असेल तर ‘नवाहो वेळ का’ असं फोनवर विचारूनच घ्या. फिनिक्सहून थांबे धरून सहा-सात तास लागतील. एका दिवसात जाऊन-येऊन करायच्या फंदात आई-बाबांना घेऊन पडू नका. मुक्काम आत किंवा पाऊण तासाच्या आतल्या कायेंट्यात करा.

आतला १७ मैलांचा वळसा कच्च्या रस्त्याचा आहे. खड्डे, वाळू, मध्येच उघडा खडक. साध्या सेडानने लोक जातात, तळ घासून परत येतात. मे महिन्यात वारा जोरात असतो, उघड्या जीपमध्ये लाल धूळ दातांत जाते. वयस्कर माणसं असतील तर बंद, उंच गाडीवाला नवाहो गाइड बघा, आणि आईला किंवा बाबांना पाठीचा, मणक्याचा त्रास असेल तर वळसा सोडूनच द्या. व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरून दोन्ही मिटन आणि मेरिक ब्यूट समोर दिसतात, वर सांगितलेले थर तिथून खुर्चीवर बसून दाखवता येतात. दुर्बीण न्या. ती जागा समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर आहे, थोडी धाप लागू शकते, पाणी जास्त प्या.

वेस्ट मिटनची सावली ईस्ट मिटनवर पडते तो प्रसिद्ध फोटो मार्चअखेर आणि सप्टेंबरच्या मध्यालाच मिळतो, सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला मावळतो तेव्हा. मे महिन्यात तो उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे त्यासाठी थांबून राहू नका. त्याऐवजी सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास राखून ठेवा. दुपारी वरून पडणाऱ्या उन्हात तिरप्या रेघा आणि उभ्या फटी दिसेनाशा होतात, तिरक्या उन्हात त्या स्पष्ट उठून येतात. दुपारची वेळ जेवणाला आणि बाबांच्या झोपेला द्या.

वेळ उरला तर मिस्टरी व्हॅली घ्या. तिथे गाइडशिवाय जाता येत नाही. कमानी आहेत, प्राचीन प्वेब्लो लोकांची कपारीतली घरं आणि खडकावर कोरलेली चित्रं आहेत, आणि गर्दी खूप कमी. ती चित्रं वाळवंटी वार्निशचं काळं पुट खरवडून, खालचा केशरी दगड उघडा करून काढलेली आहेत. गाइडला ती जवळून दाखवायला सांगा, हात मात्र लावू नका.